मस्टरमधले गैरहजर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'शाळेच्या आठवणी' हा विषय दिला आणि वेळ दिला दहा मिनिटं. सहल, गॅदरिंग, छड्या यांवर माझ्या आधीचे तिघे बोलून गेले. मी धुळीवर बोलते.

कारखान्याचं नाव घ्यायला नको. आपल्याकडे नुसतं 'प्लांट' म्हटलं की पुरायचं. सकाळी बाकावर बोटाने नाव लिहिता यायचं, ते पुसूनच वही काढायची. फुटक्या स्पीकरचं चुंबक आणून आपण खिडकीच्या कट्ट्यावर फिरवायचो आणि त्याला काळी मिशी फुटायची, आठवतं? विज्ञानाच्या सरांनी त्यावर अख्खा तास घेतला होता. चुंबकाला चिकटलं ते लोखंडाचं काळं ऑक्साइड, मागे राहिलं ते तांबूस, गंजाच्या जातीचं, आणि उरलेली कोळशाची राख. पुढे इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला तसा तास मिळाला नाही.

मुलींना आणखी एक आठवत असेल. निळीतून काढलेला पांढरा शर्ट संध्याकाळी दोरीवरून उतरवला की करडा. गच्चीवर कुरडया घातल्या तर वर जुनं धोतर. आया कुरकुरायच्या, पण ती कुरकुर गल्लीपुरती. कारण आपल्यापैकी निम्म्यांचे बाबा तिथेच नोकरीला. माझेही. धूर दिसतोय म्हणजे पगार होतोय, असं बाबा म्हणायचे आणि विषय संपायचा. ते खोटं बोलत नव्हते. त्याच पगारातून माझी फी भरली गेली.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी जपानमध्ये फुकुओकाला होते. एका रविवारी जवळच्या किताक्युशूला गेले. तिथल्या यावाता भागात 1901 साली सुरू झालेल्या पोलाद कारखान्याची एक भट्टी जतन करून ठेवली आहे, वर '1901' असा मोठा आकडा. ती पाहायला गेले आणि अडकले ते बायकांच्या गोष्टीत.

त्या गावाला धुराचा अभिमान होता. सात रंगांचा धूर म्हणायचे, गावाच्या गीतातही त्याचं कौतुक होतं. शेजारच्या दोकाई खाडीला 1960 च्या दशकात 'मृत समुद्र' म्हणत. जहाजांचे पंखेसुद्धा त्या पाण्यात झिजायचे. तोबाता वस्तीतल्या बायकांची तक्रार मात्र साधी होती: कपडे वाळत घालता येत नाहीत. आणि त्यांच्यातल्या अनेकींचे नवरे कारखान्यांतच कामाला! त्यांनी मोर्च्याआधी मोजमाप केलं. कापड टांगून ठेवलं, धूळ जमवली, प्राध्यापकांकडून शिकून घेतलं. शाळांतल्या आजारपणाच्या गैरहजेऱ्या हवेच्या नोंदींशेजारी मांडून पाहिल्या. 1965 साली त्यांनी स्वतः एक छोटा चित्रपट काढला, त्याचं नाव 'आम्हाला निळं आकाश हवं'. पुढे नगरपालिका हलली, कारखान्यांशी करार झाले, खाडीच्या तळाचा विषारी गाळ उपसला गेला. 1990 मध्ये शहराला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'ग्लोबल 500' पुरस्कार मिळाला. आज खाडीत पुन्हा मासे आहेत. पोलाद अजून बनतंच.

आपल्याकडेही बदललं, हे कबूल करायला हवं. जुन्या भट्ट्या गेल्या. धूळ पकडणारी यंत्रं तेव्हाही होती, पण ती सतत विजेवर चालवावी लागतात, आणि रात्री धूर दाट का होतो याबद्दल कॉलनीत काय बोललं जायचं ते सांगत नाही. 2014 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पोलादासह सतरा प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर चोवीस तास मोजणारे मीटर लावायला सांगितलं. काल मी शाळेच्या कट्ट्यावर बोट फिरवलं. धूळ आली, पण ती साधी, रस्त्याची. चुंबक आणायला हवं होतं.

आता खरं काम. आपल्या काळातला एकही आकडा माझ्या हाती नाही. प्लांटकडे असेल, तो आपल्याला कोण देणार? पण कार्यालयामागच्या खोलीत आपली जुनी मस्टरं आहेत. आमच्या वर्गशिक्षिका बाई गैरहजेरीच्या खुणेशेजारी पेन्सिलीने कारण लिहायच्या: 'लग्न', 'गावी', 'ताप', 'खोकला, दम'. त्या शिस्तीची आम्ही तेव्हा चेष्टा केली. बाई, आज त्या पेन्सिलीसाठी तुमच्या पाया पडते.

त्यातून रोग सिद्ध होणार नाही. थंडीत खोकला सगळीकडेच वाढतो, आणि 'गावी' लिहून घरी झोपलेलेही बरेच होते, मागच्या रांगेत बसलेत त्यातले दोघे. तरीही जुन्या भट्ट्या असतानाची वर्षं आणि नंतरची वर्षं शेजारी ठेवता येतील. इन्हेलर घेत आपल्यातले जे आज इथे बसलेत, त्यांना निदान विचारता तरी येईल.

दिवाळीच्या सुट्टीत ती खोली रिकामी करून रद्दी द्यायचं ठरलंय, असं कळलं. मुख्याध्यापक सरांना विनंती केली आहे, त्यांनी बुधवारपर्यंत किल्ली ठेवायला सांगितलं. पानांचे फोटो काढायला मला चार जण हवेत, आणि पेन्सिलीचं अक्षर लावायला बाई. उद्या सकाळी नऊला. येताना जुनं फडकं आणा.