तक्त्याआधी नातं



इंग्रजी शिक्षकांचं संमेलन म्हटलं की संभाषण, उच्चार, डिजिटल फळा असे विषय ओघानं येतात. मी मात्र व्याकरणातल्या एका जुन्या आणि बऱ्याचशा बदनाम प्रकरणावर बोलणार आहे. ते प्रकरण म्हणजे केस, आपली विभक्ती. आपल्या गोंदिया जिल्ह्यात व्याकरणावर बोलायला संकोच वाटायचं कारण नाही. भवभूतीच्या पूर्वजांचं पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पद्मपूर, असं वा. वि. मिराशींसारख्या संशोधकांनी मानलं आहे. या आठव्या शतकातल्या नाटककाराची ओळख त्याच्याच नाटकाच्या प्रस्तावनेत 'पदवाक्यप्रमाणज्ञ' अशी दिलेली आहे. त्यातलं पहिलं 'पद' म्हणजे व्याकरणशास्त्र.

आता थेट वर्गात येऊ. 'मी गो टू स्कूल' असं म्हणणारं मूल आपल्यापैकी प्रत्येकाला भेटलेलं आहे. त्याचा गोंधळ समजण्यासारखा आहे. मराठीतला 'मी' क्रिया करतो. इंग्रजीत अगदी तसाच ऐकू येणारा शब्द मात्र ज्याच्यावर क्रिया घडते त्याच्यासाठी वापरतात. आपण काय करतो? आय, मी, माय, माइन हा तक्ता फळ्यावर लिहितो आणि पाठ करायला सांगतो. मूल तो पाठ करतंही. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'मी गो' म्हणतं, कारण तक्त्यात रूप आहे, त्या रूपाचं काम काय ते नाही.

हे तक्ते आले कुठून, तेही पाहिलं पाहिजे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला कर्ता, कर्म, संबंध आणि संप्रदान दाखवणारी वेगवेगळी रूपं होती. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे स्वर क्षीण होत गेले आणि ती रूपं एकमेकांत मिसळली. आज इंग्रजी नामाजवळ संबंध दाखवणारा 'स' तेवढा उरला आहे. सर्वनामांत आय-मी, ही-हिम, शी-हर, वुई-अस, दे-देम आणि हू-हूम या सहा जोड्या टिकून आहेत. त्यातला 'हूम'सुद्धा बोलण्यातून जवळजवळ गेला. 'यू'ची गोष्ट तर मुलांना मुद्दाम सांगावी अशी आहे. एके काळी कर्त्यासाठी 'यी' होतं आणि कर्मासाठी 'यू'. पुढे कर्माच्या रूपानं कर्त्याची जागाही घेतली.

इतकं सगळं झडून गेलं तरी व्याकरणाची पुस्तकं लॅटिनच्या साच्यातून केस मोजत राहिली. आपल्या पिढ्यांनी ज्यावर इंग्रजी गिरवलं त्या रेन आणि मार्टिन यांच्या पुस्तकात नामाचं रूप बदलत नसतानाही कर्त्याचा केस वेगळा आणि कर्माचा वेगळा भेटतो. ऑटो येस्पर्सन यांनी 1924च्या 'द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर'मध्ये या पद्धतीला हरकत घेतली. रूप वेगळं दिसत नसेल तर वेगळी विभक्ती मानायची कशाला, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडेही साच्याचं तेच घडलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या 1836च्या व्याकरणापासून मराठीला संस्कृतचा आठ विभक्तींचा साचा मिळाला. म्हणून द्वितीयेत 'स, ला, ते' म्हणायचं आणि चतुर्थीत तेच पुन्हा म्हणायचं. रूप एक, खाने दोन.

यातून वाट आपल्याच परंपरेत सापडते. पाणिनीनं विभक्ती आणि कारक यांची गल्लत केली नाही. विभक्ती म्हणजे शब्दाचं दिसणारं रूप, कारक म्हणजे क्रियेशी असलेलं नातं. 'रामाने आंबा खाल्ला' यात रूप तृतीयेचं, पण राम कर्ताच. अमेरिकेत चार्ल्स फिलमोर यांनी 1968 साली केसची नव्यानं मांडणी केली, तेव्हा रूपाच्या मुळाशी असलेल्या या नात्यालाच महत्त्व दिलं. आपण आधी रूप शिकवतो आणि नातं राहून जातं. माझं आजचं सांगणं एवढंच आहे: क्रम उलटा करा.

म्हणजे नेमकं काय करायचं? नागझिऱ्यातला वाघ घ्या. 'वाघाने रानडुकराला मारलं' आणि 'रानडुकराला वाघाने मारलं', मराठीत दोन्हीचा अर्थ एकच. इंग्रजीत टायगर आणि बोअर यांच्या जागा बदलल्या की वाघच मेला! मराठीत 'ने' आणि 'ला' जे काम करतात, ते इंग्रजी नामाच्या बाबतीत वाक्यातली जागा करते. कोणी केलं आणि कोणाला केलं, हे दोन प्रश्न विचारत मुलांना शब्दांच्या चिठ्ठ्या हलवू द्या. 'आय'ची जागा कुठे आणि 'मी'ची कुठे, ते त्यांच्या आपोआप ध्यानात येईल.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. मला भूक लागली, मला ताप आला, मला आंबा आवडतो. जे आपल्याला आपसूक होतं, तिथे मराठी माणूस कर्तेपण घेत नाही. आजचं इंग्रजी तिथेही 'आय' बसवतं. जुन्या इंग्रजीत मात्र आपल्यासारखीच रचना होती. शेक्सपिअरच्या नाटकांतला 'मीथिंक्स' हा तिचाच अवशेष, अर्थ 'मला वाटतं'. 'मी हंग्री' म्हणणारं मूल आपल्या 'मला'चं इमानानं भाषांतर करत असतं. त्याला आळशी ठरवण्याआधी हे ध्यानात घ्या.

आणि आपल्या जिल्ह्यातलं मूल एकाच भाषेतून येत नाही. कोणाच्या घरी झाडीबोलीतलं 'मले', कोणाकडे पोवारी किंवा छत्तीसगढी 'मोला', बाजारात हिंदीचं 'मुझे'. सालेकसा-देवरीकडच्या गोंडी घरात तर भाषाकुळच वेगळं, द्राविडी. तिथे 'नन्ना' म्हणजे मी आणि 'नावा' म्हणजे माझं. काम बदललं की सर्वनामाचं रूप बदलतं, ही जाण घेऊनच प्रत्येक मूल वर्गात येतं. तिच्याबद्दल आपण कधी विचारतो का?

घरची भाषा विचारली तर चूकही नीट उमगते. 'राम अँड हर मदर' असं लिहिणारं मूल बहुधा हिंदीतून विचार करत असतं. 'उसकी माँ'मधला 'की' आईचं लिंग दाखवतो, मुलगा की मुलगी ते 'उस'वरून कळत नाही. मराठी मुलाकडे 'त्याची आई' आणि 'तिची आई' हा भेद तयार आहे. 'त्याची'ला 'हिज' आणि 'तिची'ला 'हर' जोडून दिलं की काम झालं. एकच चूक, पण दोन मुलांसाठी दोन उपाय. ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापून येणार नाहीत, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांसमोर आपला वर्ग नसतो.

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. इतक्या वर्षांत वह्या तपासताना किती चुका आपल्या नजरेखालून गेल्या असतील! त्यांची नोंद मात्र कुठेच नाही. म्हणून संमेलनापुढे एक सूचना ठेवतो. यंदा प्रत्येक तालुक्यातल्या शिक्षकांनी सर्वनामांच्या चुका मुलाच्या घरच्या भाषेसह वहीत टिपाव्यात. मुलाचं नाव नको, गुण नकोत. वर्षअखेरीस त्या एकत्र करून गोंदियाच्या वर्गासाठी एक छोटी पुस्तिका आपणच लिहावी. पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्या शिक्षकांनी त्यात पुढाकार घ्यावा, कारण ते काम दुसऱ्या कोणाला जमणारं नाही.

ही सूचना समारोपाच्या सत्रात ठराव म्हणून मांडावी, अशी संयोजकांना विनंती करतो आणि आपली रजा घेतो.