बाहेरून ‘खो’ नको!

आयपीएलमध्ये चिअरलीडर्स आल्या २००८ला. आम्ही मुलुंडच्या पोरी त्याच्या कितीतरी आधीपासून शाळेच्या सामन्यांना घसा फोडत होतो.

असाच एक खो-खोचा सामना. आठ जणी बसलेल्या, एक पाठलागावर. पाठीवर थाप आणि मोठ्याने ‘खो’, मगच उठायचं. मी कडेवरून ओरडले, “खो दे, खो!” आमचीच एक बिचारी थाप न पडताच उठली. फाउल! समोरची निसटली, सामनाही गेला. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

म्हणून आता मुलांना सांगते, टाळ्या वाजवा, नावं घेऊन ओरडा, गडी बाद झाला की नाचा. फक्त ‘खो’ तेवढा मैदानातल्यांना म्हणू द्या. बसलेल्या पोरीला मागचं दिसत नसतं हो, ती कानांवरच खेळते.