घर बदलताना सशाचा प्रवास

मुंबईतल्या ठाकूरद्वारच्या जुन्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होतात तेव्हा काही बिऱ्हाडे उपनगरांत, तर काही थेट पुण्याला किंवा कोकणातल्या गावी जातात, आणि सामानाची यादी काटेकोरपणे होत असली तरी पाळलेल्या सशाचा विचार बहुधा टेम्पो दारात लागल्यावरच होतो. ससा हा भक्ष्य प्राणी, म्हणजे ज्याची इतर प्राणी शिकार करतात असा, असल्यामुळे भीती आणि आजार लपवतो. तो गप्प आहे म्हणून सुखात आहे, हा समज चुकीचा ठरतो. घामावाटे त्याचे शरीर थंड होत नाही, उष्णता मुख्यतः कानांतील रक्तवाहिन्यांमधून बाहेर पडते, त्यामुळे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले आणि हवा मुंबईसारखी दमट असली, की उष्माघाताचा धोका वाढतो. सामानाच्या बंद टेम्पोत ससा ठेवणे म्हणूनच अक्षम्य होय. कडक, हवेशीर पेटीत, तळाशी न घसरणारे कापड घालून, त्याला माणसांसोबतच न्यावे आणि शक्यतो पहाटे निघावे.

अधिक नाजूक भाग पचनाचा आहे. सशाला उलटी होत नसल्याने त्याला प्रवासापूर्वी उपाशी ठेवण्याचे कारणच नाही; उलट खाणे थांबले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि वायू साचतो. सुके गवत सतत समोर असावे, पाण्यासाठी ओली पालेभाजीही द्यावी. सुमारे 12 तास सशाने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर नव्या घरातले सामान तसेच ठेवून आधी पशुवैद्य गाठावा.