घरात काय जळतं?



रायगडच्या डॉक्टरांच्या या परिषदेत अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यायचा असा आपला प्रघात आहे. तो मी थोडक्यात उरकतो. हवेतले अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण, म्हणजे केसाच्या जाडीचा तिसावा भाग, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि हृदयविकार, पक्षाघातालाही हातभार लावतात, याबद्दल आता वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्याकडे 2009 पासून ती 40 आहे.

आता जे बोलायला कित्येक वर्षं थांबलोय, ते बोलतो.

रायगडची हवा चांगली, हे आपण डॉक्टरांनीच गृहीत धरलंय. मुंबईचा माणूस हवापालटाला अलिबागला येतो, म्हणून अलिबागकराची फुप्फुसं ठणठणीत! समुद्राचा वारा सगळा धूर घेऊन जातो, असं म्हणतात. कुठे घेऊन जातो? दुपारचा खारा वारा तो आत पेण-नागोठण्याकडे ढकलतो, रात्री मतलई सुटला की किनाऱ्याकडे परत आणतो. थंडीत तर पहाटे धूर वर जातच नाही, कौलांच्या उंचीवर आडवा पसरून राहतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात राज्यातली 19 शहरं आहेत. त्यांत नवी मुंबई आहे, पण पनवेल, पेण, उरण, अलिबाग नाहीत. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 पासून चालू आहे, कंटेनरची रांग आपल्या दारातून जाते, तळोजा आणि डोलवीची धुराडी आपल्याच जिल्ह्यात आहेत. तरी यादीत आपण नाही.

कालच्या परिसंवादात फुप्फुसं बिघडण्याचा दोष कुणाचा, यावर दोन तट पडले. एक म्हणाला, दोष कारखान्यांचा आणि ट्रकांचा. दुसरा म्हणाला, दोष विडीचा, बाकी सगळं राजकारण. दोन्ही तटांना मी एकच रुग्ण दाखवतो.

पेण तालुक्यातली साठीची बाई. आयुष्यात विडी ओढलेली नाही. गाव कारखान्यापासून लांब, हमरस्त्यापासूनही लांब. फुंकण्याची तपासणी मात्र जन्मभर विडी ओढणाऱ्यासारखी. आधीच्या केसपेपरवर ‘चूल : नाही’ अशी नोंद. मीही विचारलं, तर म्हणाली, “गॅस हाय ना डॉक्टर, चूल नाय आता.” तिचं खरंच होतं. पुढे तिच्या घरी जाण्याचा योग आला. मागच्या पडवीत न्हाणीला लागून पाणचूल. सात माणसांच्या आंघोळीचं पाणी पहाटेपासून त्यावर तापतं. लाकडं ओली, म्हणून पेटवायला दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बादलीचा तुकडा. भिंत छतापर्यंत काळी, हात लावला तर चिकट. म्हातारी फुंकणी घेऊन समोर बसलेली, पाठीशी नात. ‘स्वयंपाक कशावर करता’ एवढंच आपण विचारतो आणि पुढे सरकतो.

हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. कर्क स्मिथ यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजला होता. शेजारच्या राज्यात! आपण चाळीस वर्षं अस्थमा लिहितोय, पंप देतोय आणि तिला त्याच पडवीत परत पाठवतोय.

तीच गत वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांची. दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर जातं ते पावसाच्या तोंडावर परततं. झोपडी भट्टीच्या सावलीत. भट्टीत कोळसा आणि भाताचं तूस धुमसतंय, बाजूला मूल झोपलंय. ते खोकत आलं की आपण थुंकी तपासतो. ती तपासलीच पाहिजे. पण क्षय नाही असा अहवाल आला की आपण फाइल मिटतो, याचा मला संताप येतो.

मोजणं आपल्या मातीला नवं नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, उपकरणं बिघडणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला आणली. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट या गावाने शंभराहून अधिक वर्षं टिपून ठेवली आहे. हवेतल्या कणांचीही अशीच सलग नोंद तालुक्यातालुक्यात व्हायला हवी. यंत्रं, पैसा, जिल्हा परिषदेशी बोलणं याचा विचार नवी कार्यकारिणी करेलच.

तोवर माझी एक विनंती आहे, तिला खर्च नाही. उद्या ओपीडीत खोकणारा पहिला रुग्ण आला की त्याला विचारा, घरात काय जळतं, दारात काय जळतं, कामावर काय जळतं? आणि जे उत्तर येईल ते केसपेपरवर लिहा.