सुरतेचा सांधा



सुरत हे नाव मराठी मनाला प्रथम आठवते ते शिवछत्रपतींच्या १६६४ आणि १६७० या सालांतील स्वाऱ्यांमुळे. मोगलांचे ते अत्यंत संपन्न बंदर होते. परंतु त्या बंदराचे वैभव केवळ सराफांच्या पेढ्यांत साठलेले नव्हते. तापीच्या काठी जहाजे बांधणाऱ्या सुतारांच्या हातांतही ते होते. फावल्या वेळात हातहत्यारांनी, शक्य तो खिळ्यांवाचून लाकूडकाम करणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आणि या छंदाची दीक्षा घ्यावयाची तर सुरतेच्या त्या सुतारांसारखे गुरू विरळाच.

डच आरमारातील अधिकारी योहान स्प्लिंटर स्टाव्होरिनस हा १७७४ ते १७७८ या काळातील आपल्या दुसऱ्या सागरप्रवासात सुरतेस येऊन राहिला होता. तेथील जहाजबांधणी पाहून त्याने तिचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. युरोपात फळीची सपाट कड दुसऱ्या फळीच्या सपाट कडेला भिडवीत. सुरतेचे सुतार दोन्ही कडांना पताम पाडीत, म्हणजे एकीची पायरी दुसरीच्या पायरीत बसेल अशी खाच घेत. जहाजाच्या बहुतेक फासळ्यादेखील फळ्या जोडून झाल्यावर आत बसविल्या जात. साहजिकच सारा भार फळ्यांच्या सांध्यावर येई.

तो सांधा अचूक कसा होई, हे ऐकण्यासारखे आहे. आधी उभ्या केलेल्या फळीच्या कडेला शेंदूर लावीत. तीवर नवी फळी ठेवून दाबीत व उचलून पाहत. जेथे उंचवटा असे तेथे तांबडा डाग उमटे. तेवढाच भाग तासून टाकीत, पुन्हा शेंदूर लावीत आणि फळी पुन्हा बसवून पाहत. संपूर्ण कड सारखी टेकेपर्यंत हा क्रम चाले. मगच दोन्ही कडांना कालांतराने लोखंडासारखे कठीण होणारे चिकट द्रव्य चोळून त्यावर कापसाचा पातळ थर देत आणि फळ्या मेखांनी जखडीत. जोडाची रेघ शोधूनही सापडू नये, सारे एकाच लाकडाचे वाटावे, अशी ती करामत होती. या कामी सुतार फार वेळ व लक्ष खर्च करतात, अशी नोंदही त्या डच अधिकाऱ्याने केली आहे.

देवळात देवाच्या अंगी चढणारा शेंदूर सुताराच्या हाती दोष दाखविणारा साक्षीदार होतो, हे महाजन कुटुंबांना विशेष भावेल. आपले काम चांगले आहे असे सुताराने म्हणून भागत नसे. शेंदूर काय म्हणतो, ते पाहावे लागे.

याच सुरतेतून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनी पुढे मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजांची परंपरा उभी केली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या ‘कॉर्नवालिस’ जहाजावर झाला, ते मुंबईत बांधून १८१३ मध्ये पाण्यात उतरले होते. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले व १८१७ मध्ये जलावतरण झालेले ‘ट्रिंकोमाली’ तर इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे.

आता घराकडे वळावे. रोजगारी सुताराला वेळेचा हिशेब द्यावा लागतो. ठरल्या दिवशी काम हातावेगळे करणे त्याला भाग असते. म्हणून सांध्यात फट राहिली तर लांबी भरून वर रंग दिला जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. छंद म्हणून रंधा हाती घेणाऱ्याजवळ मात्र सुरतेच्या सुताराचे खरे भांडवल असते, आणि ते म्हणजे वेळ. पेशातून जी सावकाशी उणावली, ती हौशी माणसाच्या ओसरीवर जिवंत राहू शकते.

नवशिक्याने चौरंगापासून आरंभ करावा. करवत, रंधा, दोन पटाश्या, लाकडी ठोकणे आणि गुण्या एवढी हत्यारे पुरतात. पायात खाच पाडावी, आडव्या पट्टीच्या टोकाला कुसू काढावे. रेघ पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने आखावी, म्हणजे पटाशीला बसण्यास नेमकी जागा मिळते. कुसू खाचेत घालून पाहावे, काढावे, जेथे अडते तेथे खुणेपुरतेच तासावे. बाजारातील शेंदूर शिशाचा असल्यास विषारी असतो. म्हणून घरी, विशेषतः मुलांच्या हाती, खडूची पूड अथवा गेरू द्यावा. साक्ष तीच मिळते.

लाकडाचा स्वभावही ओळखावा. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. चौरंगाची रुंद फळी चारी बाजूंनी खिळे मारून आवळली तर ती कधी तरी तडकते. जुने कारागीर फळीला खोबणीत सरकण्यापुरती मोकळीक ठेवीत. घट्ट कोठे असावे आणि मोकळे कोठे सोडावे, हे कळणे म्हणजेच सांधा कळणे.

देवस्थानांच्या दृष्टीनेही हा विषय केवळ हौसेचा नाही. सभामंडपाचे खांब, पालखी, मखर, रथ यांचे सांधे कोणी तरी असेच जुळविलेले असतात. त्यांतील एखादा ढिला झाला की झटपट लोखंडी पट्टी ठोकण्याचा मोह होतो. ज्याने स्वतः एक कुसू बसविले आहे, असा महाजन त्या वेळी थांबून विचारील, की हा सांधा मुळात कसा उघडतो? एवढा एक प्रश्न विचारला गेला, तरी पुष्कळ जुने काम वाचेल.

म्हणून प्रत्येक महाजन कुटुंबातील एका तरी मुलाने किंवा मुलीने आपल्या हातांनी एक पाट अथवा चौरंग घडवून देवापुढे ठेवावा. तो थोडा डुगडुगला तरी चालेल. दुसरा कमी डुगडुगेल. कारण आपल्या कामातील उंचवटा कोठे आहे, हे त्या हातांना आता दिसू लागलेले असेल.