दूरस्थाचे सुतक



वसंत व्याख्यानमालेत ऋतूला शोभेल असा एखादा प्रसन्न विषय घ्यावा, अशी सूचना आम्हांला काही स्नेह्यांनी केली होती. आम्ही घेतलेला विषय तसा नाही. परंतु ज्या घरातील एकही माणूस परदेशात नाही अशी घरे आता आपल्या गावात थोडीच उरली असतील. आणि ज्या घरातील माणूस दूर आहे त्या घरात एक प्रश्न कोणी न बोलता वस्तीला असतो. उद्या प्रसंग आला तर तो येऊ शकेल का?

हा प्रश्न विमानाचा नाही. विमान एका दिवसात आणून सोडते. पैशाचाही बहुधा नाही. प्रश्न कागदाचा आहे. माणूस येथे गेल्याची बातमी अमेरिकेत क्षणार्धात पोचते, पण मुलगा वर्षानुवर्षे पोचत नाही, अशी ही विलक्षण अवस्था आहे.

दूर असलेल्या माणसाने शोक कसा करावा, याचा विचार आपल्या पूर्वजांनी केला नव्हता असे नाही. डॉ. पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. अंत्येष्टी आणि अशौच यांचे विवेचन त्यात सविस्तर आहे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेला 'धर्मसिंधु' तर आपल्याकडील भिक्षुकांच्या नित्य वापरातला. मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर काय करावे याला शास्त्रात 'अतिक्रांत अशौच' असे नाव आहे. इतर सपिंडांच्या बाबतीत काळ लोटेल तसतसे सुतक कमी होत जाते, आणि शेवटी केवळ स्नान उरते. आईबापांच्या बाबतीत मात्र नियम निराळा आहे. मुलगा दूर देशी असला आणि वार्ता त्याला वर्षानंतर कळली, तरी ज्या दिवशी त्याने ती ऐकली त्या दिवसापासून त्याचे पुरे दहा दिवस मोजावयाचे.

सुतकाच्या सोवळ्याओवळ्यावर आपली श्रद्धा असो वा नसो, या नियमातले शहाणपण पाहण्यासारखे आहे. काशीयात्रेला किंवा लष्कराच्या मोहिमेवर गेलेल्या माणसाला वार्ता सहा महिन्यांनी लागत असे. पुढे टपाल आले, तेव्हा कोपरा फाडलेले कार्ड हातात पडताच लोक समजून जात, तारेचेही तसेच. ती तारही २०१३ च्या जुलैत आपल्या देशातून गेली. या सर्व काळात मुलगा वेळेवर आला नाही म्हणून त्याला कोणी बोल लावीत नसे. नदीला पूर होता, घाट बंद होता, बोट महिन्याने निघणार होती. नकार नदीने दिलेला असे, मुलाने नव्हे.

आता आजची नदी पाहू. ती कशी वाहते हे समजल्यावाचून पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या आपल्या मुलाजवळ बहुधा दोन वेगवेगळ्या परवानग्या असतात. एक तेथे राहून काम करण्याची. दुसरी पारपत्रावरील शिक्क्याची, म्हणजे दारातून आत येण्याची. पहिलीची मुदत तेथल्या तेथे वाढवून मिळते, दुसरी संपून जाते. जोवर तो देशात आहे तोवर काही बिघडत नाही. बाहेर पडला, की परत शिरण्यासाठी वकिलातीत मुलाखत देऊन नवा शिक्का घ्यावा लागतो. आणि ती मुलाखत कधी मिळेल, मिळाल्यावर अधिक तपासणीसाठी कागद किती दिवस अडकून राहतील, हे कोणी सांगत नाही.

मग तो कायमचा रहिवासी का होत नाही, असे आपण विचाराल. त्याची मेख एका आकड्यात आहे. नोकरीच्या वर्गात वर्षाला सुमारे १,४०,००० कायमचे परवाने देण्याची तरतूद १९९० च्या कायद्याने केली, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सामान्यतः ७ टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असे ठरविले. भारतालाही ७ टक्के आणि एखाद्या चिमुकल्या बेटालाही ७ टक्के. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांबली आहे की, रांगेत उभे राहिलेल्यांची मुले वयात येतात आणि मायबाप येथे थकतात.

भावंडांची रांग तर याहून करुण. अमेरिकेचा नागरिक झालेला भाऊ आपल्या बहिणीसाठी अर्ज करू शकतो; पण पाळी यायला दशकाहून अधिक काळ लागतो. मध्यंतरी तो भाऊ वारला, तर त्याचा अर्जही सर्वसाधारणपणे रद्द होतो. २००९ च्या कायद्याने यात काही सवलत दिली, पण ती मुख्यतः त्या वेळी अमेरिकेतच राहत असलेल्यांना. येथे बसलेल्या बहिणीचा भाऊही जातो आणि रांगही.

ही गोष्ट आजची नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शेतकरी कॅलिफोर्नियात गेले. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतेक लोकांना दार बंद झाले, १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व नाकारले. बायकामुलांना आणता येईना, आणि घरी जावे तर परतणे दुरापास्त. १९४६ मध्ये दार किलकिले झाले, तेही वर्षाला १०० माणसांपुरते. मधल्या तीस वर्षांत किती जणांनी आईबापांच्या मृत्यूची वार्ता परक्याच्या शेतात उभ्याने वाचली असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

दोष केवळ अमेरिकेलाच देणे न्यायाचे होणार नाही. आखाती देशांत, जेथे आपल्या रत्नागिरीकडील कितीतरी कुटुंबांतील माणसे राबतात, देश सोडण्यासाठीच मालकाची संमती लागत असे. कतारने हा नियम बहुसंख्य कामगारांसाठी २०१८ मध्ये आणि घरकामगारांसाठी २०२० मध्ये काढून टाकला. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये तो बराच सैल केला. मुसलमान घरात दफनविधी शक्य तितक्या लवकर होतो. अशा घरातील मुलाला एका दिवसाचा उशीर म्हणजेही कायमचा उशीर. आणि आपला स्वतःचा देश? मार्च २०२० मध्ये साथीमुळे आपण व्हिसा स्थगित केले. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही कार्डावर येण्याची मनाई झाली. घरात मृत्यू झाला असल्यास त्यांना येऊ द्यावे, ही सूट २२ मे रोजी निघाली. तोवर कितीतरी चिता विझल्या होत्या.

त्याच वर्षी २२ जूनला अमेरिकेच्या अध्यक्षांनी अनेक नोकरदारांचा नवा प्रवेश रोखला. तो हुकूम मार्च २०२१ पर्यंत राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणाची अधिक तपासणी सुरू होताच भारतातील पुष्कळांच्या ठरलेल्या मुलाखती एकाएकी कित्येक महिने पुढे गेल्या, आणि थोड्या दिवसांच्या रजेवर आलेली माणसे येथेच अडकली. संसार तेथे, आपण येथे. ही उदाहरणे ज्याच्या डोळ्यांपुढे आहेत, त्याने वडिलांच्या अखेरच्या दिवशी काय करावे?

येथेच आजच्या नदीचे आणि जुन्या नदीचे अंतर आहे. कायदा त्याला 'जाऊ नकोस' असे म्हणत नाही. 'खुशाल जा' म्हणतो आणि परतीविषयी गप्प राहतो. तेव्हा नकार त्याला स्वतःच्याच तोंडाने उच्चारावा लागतो. पूर दिसत होता. हा पूर दिसत नाही. दिसतो तो फक्त न आलेला मुलगा. लोक म्हणतात, 'नोकरी सुटेल म्हणून बापाला आला नाही.' आणि लोक म्हणण्याच्या आधी, रात्री जागून, तो स्वतःला तेच म्हणत असतो.

आम्ही अलीकडे अशा काही अंत्ययात्रांना गेलो आहोत. कोणी भाचा वा पुतण्या फोन हातात उंच धरून स्मशानात उभा असतो. पलीकडे मध्यरात्र असते. मुलाला चिता दिसते, मंत्र ऐकू येतात. खांदा देता येत नाही. मग फोन बंद होतो. येथे आईभोवती चार बायका तरी असतात. तेथे तो एकटा आपल्या स्वयंपाकघरात उभा असतो आणि सकाळी कामावर जातो. शोकाला माणसे लागतात. आईला मुलगा नाही, मुलाला माणसे नाहीत, असे एकाच घराच्या दुःखाचे दोन तुकडे होतात, आणि दोन्ही तुकडे भरून यायचे राहतात.

प्रत्येक राष्ट्राला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मृत्यूसारख्या प्रसंगी अर्ज लवकर पाहण्याची सोयही पुष्कळ ठिकाणी आहे. परंतु ती विनंती आहे, हक्क नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने कुटुंबाला समाजाचा मूलभूत घटक मानले आणि त्याच्या रक्षणाची अपेक्षा राज्यांकडून केली. मग आईबाप वारल्यास जाऊन ठराविक मुदतीत परत येण्याची हमी देणे, ही मागणी काही अवास्तव नाही. ती आपल्या सरकारने मागावी, आणि इतरांसाठी स्वतः पाळावी.

पण कायदे बदलेपर्यंत माणसे मरायची थांबत नाहीत. तोवर आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. ती पहिल्या दोन दिवसांत करून दाखला त्या मुलाकडे धाडला, तर त्याच्या तातडीच्या अर्जाला आधार मिळतो. आज नगरपालिकेत खेटे घालणे हेही सांत्वनच होय. अग्नी मुलीने दिला, पुतण्याने दिला, तरी त्यावर कुजबूज करू नये. मुलाची इच्छा असेल तर अस्थींचा थोडा भाग त्याच्यासाठी जपून ठेवावा. आणि 'का आला नाही?' हा प्रश्न त्या माउलीला कोणी, कोणत्याही आडवळणाने, विचारू नये. त्याच्या वाटेतील पूर आपल्याला दिसत नसला, तरी पूर होता असे धरून चालावे.

शेवटची गोष्ट त्या जुन्या नियमातूनच निघते. ज्या दिवशी ऐकले त्या दिवसापासून मोजावे, असे शास्त्रकार म्हणाले; कारण त्यांच्या काळी उशीर वार्तेला होत असे. आज उशीर माणसाला होतो, म्हणून ज्या दिवशी तो दारात आला त्या दिवसापासून आपण मोजावे. कधी तो दोन वर्षांनी येईल, कधी चार. वर्षश्राद्ध होऊन गेलेले असेल, तसबिरीचा हार सुकला असेल. मग आता काय भेटायला जायचे, असे मनात आणू नये. काल घडल्यासारखे त्याच्याकडे भेटायला जावे, सतरंजीवर बसावे, आणि त्याचे वडील अखेरच्या दिवसांत काय बोलले, काय खाल्ले, कोणाची आठवण काढीत होते, ते त्याला सांगावे. त्याने ते अजून ऐकलेले नसते.