सेवेचे तास



अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात बेथलेहेम नावाचं शहर आहे. तिथल्या शाळामंडळाने 1990 साली नियम केला, की नववी ते बारावी या चार वर्षांत प्रत्येकाने 60 तास समाजसेवा करायची. नाही केली तर शाळा संपल्याचा दाखला नाही. दोन कुटुंबं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं काय, तर ही वेठबिगारी आहे! गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती अमेरिकेने 1865 साली केली, तिचाच आधार त्यांनी घेतला. 1993 साली अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. वाचनालयात पुस्तकं लावणाऱ्या शाळकरी पोराला गुलामांच्या रांगेत बसवता येत नाही, हे ठरवायला खरं तर न्यायाधीशांची गरज पडायला नको होती.

अशी सक्ती आपल्या दाराशीही येऊन गेली आहे. 1959 साली केंद्र सरकारने एक समिती नेमली. अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलेले. समितीने सांगितलं, की शाळा संपवून कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने आधी नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा करावी. त्यात थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण. शिफारस भारी होती आणि खर्चही भारी होता, म्हणून ती बाजूला पडली. पुढे प्राध्यापक सैयदैन यांनी देशोदेशीच्या अशा योजनांचा अभ्यास केला आणि सल्ला दिला, की हे स्वेच्छेनेच होऊ द्या.

त्यातून गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. म्हणजे मुलांच्या तोंडची एनएसएस. आरंभी 37 विद्यापीठं आणि 40,000 विद्यार्थी होते. नंतर ती अकरावी-बारावीपर्यंत आली. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. नाव घालायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. एकदा घातलं, की तास मात्र भरायचे.

या शिबिरांबद्दल मला प्रेम आहे. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री शाळेच्या पटांगणात नाटुकली. शहरातली मुलं आयुष्यात पहिल्यांदा टिकाव हातात धरतात आणि तळहाताचे फोड एकमेकांना दाखवत हिंडतात. पण एक गोष्ट खटकते. समजा, गावात वनराई बंधारा घालायचा आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. काम सोपं, पैसा जवळजवळ लागत नाही, आणि अडलेलं पाणी रब्बीला आणि विहिरींना उपयोगी पडतं. मात्र ते करायचं परतीचा पाऊस ओसरल्यावर, ओढा वाहता असताना. शिबिर लागतं कॉलेजच्या परीक्षांच्या सोयीने, बहुधा डिसेंबर-जानेवारीत. तोवर कित्येक ओढ्यांत वाळूच उरलेली असते. बंधारा तरीही होतो, फोटो निघतो, तास भरतात. सरपंच भले असतात, काही बोलत नाहीत.

तासांचा हिशेब आला, की काय मोजायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न येतोच. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने त्याचं उत्तर लिहूनच ठेवलं आहे. तिथे 1999पासून बारावीचा दाखला हवा तर 40 तास लोकांसाठी काम करावं लागतं. टोरोंटोकडची मराठी मुलं एखाद्या संस्थेच्या उत्सवात खुर्च्या मांडून, पानं वाढून यातले काही तास भरू शकतात, आणि त्यात वावगं काही नाही. गंमत आहे ती काय चालणार नाही, याच्या यादीत. विजेवर चालणारी हत्यारं नकोत, परांचीवर चढणं नको, दागदागिने हाताळणं नको, कुणाला औषध देणं नको. कोर्टाने शिक्षा म्हणून दिलेली सेवा चालणार नाही. आणि घरात एरवी करावी लागणारी कामंही धरली जाणार नाहीत.

बाकीची यादी शहाणपणाची आहे. या शेवटच्या कलमावर मात्र मी अडतो. घरची कामं मोजली, तर सगळेच भांडी घासल्याचे तास लावतील, ही भीती मला समजते. पण आपल्या अकरावीच्या वर्गात बघा. एक मुलगी पहाटे पाणी भरून, धाकट्या भावाचा डबा करून, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं सगळं आवरून एसटीने कॉलेजला येते. रविवारी वृद्धाश्रमात जाऊन दोन गाणी म्हणणाऱ्या मुलाच्या एनएसएसच्या डायरीत दोन तास पडतात, कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही होते. हिची डायरी कोरी, कारण रविवारी तिला निघता येत नाही. आजी परक्याची असती, तर हेच काम सेवा ठरलं असतं. अशा नोंदीत सेवाभाव मोजला जात नाही. कुणाकडे रिकामा वेळ आहे, एवढंच कळतं.

करोनाच्या काळात ऑन्टारिओने 40चे 20 तास केले, आणि मुलांनी पगारावर केलेल्या नोकरीचेही काही तास त्यात धरायला परवानगी दिली. म्हणजे घर चालवायला हातभार लावणाऱ्या मुलालाही मोजता येतं. त्यासाठी साथ यायची वाट पाहावी लागली, एवढंच.

माझी सूचना छोटी आहे. आपल्या डायरीत घरातल्या आजारी, वृद्ध आणि अपंग माणसांच्या देखभालीसाठी एक रकाना घालावा आणि 120पैकी निदान 30-40 तास त्यातून धरावेत. खोट्या नोंदी होतील? होतील. आज होत नाहीत, असं कोण म्हणेल? राहता राहिली सही. ती आजीची घ्यावी. तिला सही येत नसेल, तर अंगठा घ्यावा. बँकेत चालतो, तर कॉलेजात चालायला हरकत नसावी.